गावची आरोग्यसेविका : सेवा की काम?

आरोग्य हा शब्द उच्चारला की आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांसमोर दवाखाना उभा राहतो. डॉक्टर, परिचारिका, औषधाची बाटली, सुई आणि शेवटी बिल. ह्या चित्रात चूक काही नाही. परंतु ते फार उशिराचे चित्र आहे. माणूस आजारी पडल्यानंतर जे घडते तेवढेच त्यात दिसते. आजारी पडण्यापूर्वी काय घडले, हे पाहावयाचे असेल तर दवाखाना सोडून विहिरीवर, चुलीजवळ आणि शेताच्या बांधावर जावे लागते. आज आम्ही आपणांस तेथे घेऊन जाणार आहोत.

एक साधे उदाहरण घेऊ. खेड्यात दीड वर्षाचे एक मूल हगवणीने दगावते. मृत्यूचे कारण म्हणून कागदावर ‘अतिसार’ असे लिहिले जाते. पण हगवण का लागली? पाणी घाण होते म्हणून. पाणी घाण का? उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला आणि उरलेल्या गढुळावरच साऱ्यांची भिस्त होती म्हणून. ते मूल एवढे अशक्त का, की चार दिवसांच्या हगवणीने जावे? घरात पुरेसे धान्य नव्हते आणि आई दिवसभर मजुरीवर होती म्हणून. दवाखान्यात का नेले नाही? जवळ पैसा नव्हता आणि एसटी दिवसातून एकदाच येत होती म्हणून. आता ह्या सर्व कारणांची यादी करा आणि एकच प्रश्न विचारा : ही सारी कारणे रोज कोणाच्या हातून जातात? पाणी कोण आणते, शिजविते कोण, मुलाच्या उशाशी रात्र कोण जागविते? उत्तर एकच येते. म्हणून खेड्याचे आरोग्य सुधारावयाचे असेल तर त्याची किल्ली त्या बाईच्या हाती दिली पाहिजे. ही भावनेची गोष्ट नाही, निव्वळ हिशेबाची आहे. आणि हा हिशेब आपल्या महाराष्ट्रातच मांडला गेला व तो बरोबर ठरला.

जामखेड हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी तालुका. पाऊस बेभरवशाचा, जमीन बहुतेक कोरडवाहू. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे आले. दोघेही वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. त्यांनी तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. थोड्याच दिवसांत १९७२ चा दुष्काळ येऊन ठेपला. लोकांनी डॉक्टरांपुढे गाऱ्हाणे मांडले ते औषधाचे नव्हते. पाण्याचे व धान्याचे होते. दुसरा एखादा डॉक्टर ‘हे आमचे खाते नव्हे’ असे म्हणाला असता. ह्या दोघांनी तसे म्हटले नाही. लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे निघाली आणि कूपनलिका घेऊन हातपंप बसविण्यात आले. त्यातही एक शहाणपण होते. शक्य तेथे हा पंप दलित वस्तीत बसवीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्याच दारी साऱ्या गावाने घागर घेऊन यावयाचे! पाणीही मिळाले आणि अस्पृश्यतेलाही धक्का बसला.

प्रारंभी गावोगावच्या कामासाठी शिकलेल्या परिचारिका नेमून पाहण्यात आल्या. ते साधले नाही. तरुण परगावच्या मुली एकट्या खेड्यात कशा राहणार, आणि गावच्या बायका त्यांना मनातले का सांगणार? तेव्हा उलटा विचार झाला. शिकलेली बाई गावात टिकत नसेल, तर गावात टिकून असलेल्या बाईलाच शिकवावे. गावाने आपल्यातीलच एक बाई निवडावयाची. ह्या ज्या बायका पुढे आल्या त्यांतील अनेक निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आयुष्यात कोणी त्यांचे मत विचारले नव्हते. त्यांच्या हाती गावाचे आरोग्य द्यावयाचे, ही कल्पना १९७० च्या सुमारास पुष्कळांना वेडेपणाची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

ही शिकवण्याची पद्धत कशी होती, हे समजून घेण्यासारखे आहे. एकदाच महिनाभर वर्गात बसवून प्रमाणपत्र हाती दिले, असे तेथे झाले नाही. ह्या सेविका ठराविक दिवशी जामखेडला एकत्र येत, रात्री तेथेच मुक्काम करीत आणि आठवड्यात काय घडले ते एकमेकींना सांगत. कोणाच्या गावी बाळंतपण अडले, कोणाच्या गावी सासूने लस टोचू दिली नाही, ही उकल एकीच्या अनुभवातून दुसरीला मिळे. जातीपातीच्या बायका एका पंगतीला जेवत व शेजारी शेजारी झोपत. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे आहोत. पुस्तकापेक्षा दारसभेत आणि चाळीच्या ओट्यावर अधिक शिकलो. म्हणून आम्हांस ही शाळा फार ओळखीची वाटते. माणूस व्याख्यानाने थोडा शिकतो, आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाच्या अडचणीवरून पुष्कळ शिकतो.

गावी परतल्यावर ही बाई काय करी? गरोदर बाईची नोंद ठेवी, धोक्याची लक्षणे ओळखी, सुरक्षित बाळंतपण करी. पोराचे वजन करून ते वाढते आहे की नाही हे पाही. हगवण लागली तर एक लिटर उकळून निववलेल्या स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावयास आईला शिकवी. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिचे मोल चटकन ध्यानात येत नाही. हगवणीत मूल जाते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे जाते. साखरेमुळे आतडे मीठ शोषून घेते आणि मिठाबरोबर पाणी आत जाते. जे काम सलाइनच्या बाटलीने व्हावयाचे, ते स्वयंपाकघरातील दोन डब्यांनी होते. फक्त ते वेळेवर सांगणारे कोणी शेजारी हवे.

पण तिचे काम येथे थांबत नव्हते. महिला मंडळे निघाली, शेतकऱ्यांची मंडळे निघाली. सांडपाण्याची डबकी डासांचे माहेर असतात, म्हणून दारोदार शोषखड्डे झाले. उघड्या माळावर झाडे लावली गेली. पावसाचे वाहून जाणारे पाणी बांध घालून अडविण्यात आले. आजकाल ज्याला पर्यावरण असे भारदस्त नाव आहे ते ह्या बायकांना निराळे शिकवावे लागले नाही. ज्या बाईला सरपणासाठी कोसभर चालावे लागते तिला झाडाचे महत्त्व कोणी समजावून द्यावे?

फळ काय मिळाले? १९७१ मध्ये ह्या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला आणि शतक संपता संपता तिशीच्या आत आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातील निवडक प्रयोगांचे पुस्तक काढले त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, हा एका तालुक्याचा, दोन असामान्य डॉक्टरांचा चमत्कार आहे. ह्या शंकेचे उत्तर गडचिरोलीने दिले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून तेथे शास्त्रीय चाचणी केली. काही गावांत खेड्यातील बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले : बाळ उबदार ठेवणे, श्वास कोंडला तर तो सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषध व इंजेक्शनसुद्धा देणे. तुलनेसाठी दुसरी गावे ठेवली, तेथे हे केले नाही. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : चाचणीच्या तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा हा चमत्कार नव्हे. शिकविले तर खेड्यातील बाई हे करू शकते, हे मोजून सिद्ध झालेले आहे.

आता मराठवाड्याकडे वळू. कारण आरोग्य आणि निसर्गाचा कोप ह्यांची गाठ तेथे अधिक स्पष्ट दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गाडली गेली. पुढे घरांच्या दुरुस्तीचे व बळकटीकरणाचे सरकारी काम निघाले तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. सरकारची योजना घरोघर समजावून सांगणे, सिमेंट किती लागते व गवंडी काय करतो ह्यावर नजर ठेवणे, हे त्यांनी केले. ज्यांना घराच्या उंबरठ्याबाहेर बोलावयाची सवय नव्हती त्या भिंतीची जाडी मोजू लागल्या.

ह्याच बायकांपुढे पुढे दुष्काळाचे संकट आले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. गावांची स्थिती काय होती ह्याची त्यावरून कल्पना करावी. अशा वेळी आपल्या कुटुंबांचे चालते कसे ते पाहा. शेतात ऊस किंवा सोयाबीन, म्हणजे विकण्याचे पीक. ज्वारी, डाळ, भाजी दुकानातून. पीक बुडाले की पैसा गेला आणि पैशाबरोबर ताटही गेले. घरात कमी पडले की प्रथम कोणाच्या पानात कमी पडते, हे आम्ही सांगावयास नको. ह्यावर बायकांनी घरच्या पुरुषांकडे मागणी केली ती अशी : सगळी जमीन तुमची राहू द्या, त्यातली एक एकर आम्हांला कसू द्या. त्या एकरात त्यांनी थोड्या पाण्यावर येणारी धान्ये, कडधान्ये, भाज्या अशी मिश्र पिके घेतली. खत घरचे, बियाणे शक्यतो घरचे. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते आणि घरची चूल पेटती राहते. हाच तो ‘एक एकर’ प्रयोग. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार ह्या संस्थेस मिळाला. आम्हांस त्यातील विशेष वाटतो तो हा, की बाईने काय पिकवावयाचे हे स्वतः ठरविले. वर्षानुवर्षे ती त्याच शेतात खुरपत होती. तिची मजुरी तेथे होती, मत तेथे नव्हते.

येथवर आपण जे पाहिले त्यात तीन गोष्टी समान आहेत. बाई गावाने निवडलेली किंवा गावातूनच पुढे आलेली होती. तिच्या पाठीशी बायकांचा गट होता. आणि औषध, पाणी व धान्य ह्यांची फारकत केलेली नव्हती. ह्या तिहींचे सरकारी योजनेत काय झाले, ते आता पाहू.

सरकारने पहिला प्रयत्न १९७७ मध्ये केला. गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमावयाचे, महिना पन्नास रुपये मानधन द्यावयाचे. परंतु निवडले गेले ते बहुसंख्य पुरुष. गरोदर बाई त्यांच्याशी काय बोलणार? मानधनाच्या वादात व दुर्लक्षात ती योजना झिजत गेली आणि शेवटी बंद पडली. दुसरा प्रयत्न २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने केला व तो अधिक शहाणपणाचा होता. साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावची, स्त्रीच असली पाहिजे : हीच आपली ‘आशा’. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. जामखेडची व गडचिरोलीची कल्पना देशभर पोचली, हे मोठेच यश होय, आणि ते नाकारण्याचा कद्रूपणा आम्ही करणार नाही.

परंतु कल्पना पोचताना वाटेत काही सांडले. आशेला पगार नाही. तिला कामानुसार मोबदला आहे. ग्रामीण भागात बाळंतीण दवाखान्यात पोचवून तिची आधीपासून काळजी घेतली तर सहाशे रुपये. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाऊन तपासले तर अडीचशे रुपये. अशी कामागणिक दरांची लांबलचक यादी आहे. काही ठरावीक कामांसाठी महिन्याची बांधीव रक्कमही मिळते, पण तिलाही पगार म्हणत नाहीत. ही पद्धत आम्हांस नवीन नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. यंत्रमागावर कापडाच्या मापावर मिळते. ह्या पद्धतीचा गुण असा की मालकाला फक्त मोजलेल्या मालाचे पैसे द्यावे लागतात. आता विचार करा, आरोग्यसेविकेच्या कामात मोजता येते ते किती? बाळंतपण मोजता येते. पण रात्री दोन वाजता दार ठोठावले म्हणून उठून जाणे, दारुड्या नवऱ्याची समजूत घालणे, क्षयाच्या रोग्याने गोळ्या सोडू नयेत म्हणून महिनोन्‌महिने त्याच्या दारी जाणे, डबके बुजवावे म्हणून सरपंचाशी भांडणे, हे कोणत्या नगात मोजणार? जे मोजले जात नाही त्याचे पैसे नाहीत. आणि ज्याचे पैसे नाहीत ते हळूहळू मागे पडते. जामखेडमध्ये सर्वांत मोलाचे ठरले ते काम नेमके हेच होते.

कोरोनाच्या साथीत हे उघड्यावर आले. घरोघर सर्वेक्षण, बाहेरून आलेल्यांची नोंद, तापाची तपासणी, सारे आशांच्या माथी. त्यासाठी केंद्राने महिना एक हजार रुपये देऊ केले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला आणि २०२४ च्या आरंभी मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ मिळाली ती मागून मिळाली. पण ‘कामगार’ हे नाव काही मिळाले नाही. त्या अजून ‘स्वयंसेविका’च आहेत.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. जामखेडनेही आपल्या सेविकांना पगारी नोकर केले नव्हते. पगार दिला तर ती गावाची राहणार नाही, पगार देणाऱ्याची होईल, असा तो विचार होता. उदरनिर्वाहासाठी तिला छोटे कर्ज, जोडधंदा ह्यांची मदत होई. मग तुम्ही संघटनावाले सेवेत पैसा का आणता?

ह्याला आमचे उत्तर असे. जामखेडची सेविका कोणत्या वेळी कोणाच्या घरी जावयाचे हे स्वतः ठरवीत होती. तिच्यावर उद्दिष्टांचे कोष्टक नव्हते, नोंदी भरल्या नाहीत म्हणून कापाकापी नव्हती, बैठकीला नाही आली म्हणून नोटीस नव्हती. ती खरोखरीच स्वयंसेविका होती. ज्या बाईला वरून हुकूम येतो, अहवाल द्यावा लागतो, साथ आली, उष्म्याची लाट आली, पूर आला की कामास जुंपले जाते, ती स्वयंसेविका कशी? हुकूम नोकराचा आणि हक्क स्वयंसेवकाचा, असा हा व्यवहार आहे. दोहोंपैकी एक निवडावे. तिला खरी स्वायत्तता द्या, नाहीतर खरे वेतन द्या. दोन्ही दिलीत तर फारच उत्तम; पण दोन्ही नाकारून तिला हार घालू नका.

आणि ही गोष्ट अशक्य आहे असेही नाही. घरी बसून विडी वळणारी बाई कामगार नव्हेच, असे एके काळी कारखानदार सांगत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगारालाही कामगार मानले. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने आशा, अंगणवाडी इत्यादी योजनांतील स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. वाट आहे, चालावयाचे आहे.

तथापि आम्ही एवढेही सांगू की केवळ वेतनाने हे काम पुरे होणार नाही. उद्या आशेला चांगला पगार मिळाला आणि गावाशी तिचा धागा तुटला, तर ती आणखी एक कर्मचारी होईल इतकेच. म्हणून वेतनाबरोबर तीन गोष्टी हव्यात. एक, गावपातळीवर आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते, तिच्यासाठी वर्षाला दहा हजार रुपयांच्या अबंधित निधीची तरतूद आहे. त्याचा खर्च ग्रामसभेत, बायकांच्या देखत ठरला पाहिजे. दोन, तिचे शिक्षण हे परिपत्रक वाचून दाखविण्यापुरते नसावे. जामखेडप्रमाणे सेविकांनी एकत्र बसून आपल्या गावचे अनुभव मांडावेत. तीन, पाणी, धान्य व जमीन ह्यांच्या निर्णयात तिला व तिच्या गटाला जागा असावी. ज्या शेतात ती राबते त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव असावे, म्हणजे त्या एकरासाठी तिला कोणाची मर्जी धरावी लागणार नाही.

शहरात बसून आपण काय करावे? पुष्कळ. आपल्या वस्तीतही आशा येते. तिला दारातून परत न पाठविता माहिती द्यावी. तिच्या मोर्चामुळे रस्ता अडला तर चडफडण्यापूर्वी तिच्या हातातला फलक वाचावा. आणि मत मागावयास येणाऱ्यास, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकच प्रश्न विचारावा : आमच्या गावाकडची जी बाई साथीत, दुष्काळात आणि अपरात्री बाळंतपणाला धावून जाते, तिच्या कामाला तुम्ही काम म्हणणार की नाही? त्याने तिचे गुणगान सुरू केले, तर ते पुरे होईपर्यंत शांतपणे ऐकून घ्यावे आणि प्रश्न पुन्हा विचारावा.